नोकरी करता करता बी.एड. जमतं का? इंजिनिअरिंगनंतर गणित शिक्षक होण्याचा मार्ग

मुक्ता_३४

नमस्कार. बी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स), वय ३४, खुला प्रवर्ग, सध्या सॉफ्टवेअर कंपनीत पूर्णवेळ नोकरी. आठवी ते दहावीला गणित शिकवायचं आहे, तेही पेशा म्हणून, क्लास काढून नव्हे. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाची शाळा मिळाली तर उत्तम. महाराष्ट्रातच राहायचं आहे.

माहिती शोधताना उलटसुलट गोष्टी वाचायला मिळतात. कुणी म्हणतं मुक्त विद्यापीठातून बी.एड. करा, नोकरी सोडायची गरज नाही. कुणी म्हणतं ‘हजेरीशिवाय बी.एड.’ मिळतं. कुणी म्हणतं इंजिनिअरला बी.एड.ला प्रवेशच नाही. माझे प्रश्न असे :

नोकरी न सोडता बी.एड. कायदेशीररीत्या करता येतं का? नसेल तर ती नेमकी कधी सोडावी? इंजिनिअरिंगच्या पदवीवर गणिताची शिक्षिका म्हणून नेमणूक होते का? वयाची अडचण कुठे येते? आणि दोन वर्षांत प्रत्यक्ष काम काय असतं, नोकरीतून आलेल्या माणसांना ते कुठे जड जातं?

तासिका_सहावी

मुक्ताताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या परिस्थितीत पूर्णवेळ नोकरी टिकवून बी.एड. करता येत नाही.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. खरं आहे, मान्यताप्राप्त आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४च्या नियमावलीनुसार दूरस्थ बी.एड.ला दोनच प्रकारच्या लोकांना प्रवेश मिळतो : प्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेले सेवेतले शिक्षक, किंवा एनसीटीई-मान्य शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम नियमित पद्धतीने पूर्ण केलेले उमेदवार. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असो की इग्नू, चौकट हीच. डी.एड. करून शाळेत शिकवणाऱ्यांनी बढतीसाठी बी.एड. करावं, हा त्यामागचा हेतू आहे. दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्याला हा दरवाजा बंद आहे. एखाद्या अभ्यासकेंद्राने ‘शाळेचं अनुभवपत्र आम्ही देतो’ म्हटलं तर तिथून उठून या. खोट्या अनुभवावर मिळालेली पदवी कागदपत्र पडताळणीत कधीही उघडी पडू शकते, आणि तोवर तुमची आधीची नोकरीही गेलेली असते.

राहिलं नियमित बी.एड. २०१५पासून ते दोन वर्षांचं आहे. दर वर्षी किमान २०० कामाचे दिवस, त्यात प्रवेश आणि परीक्षेचे दिवस धरायचे नाहीत. संस्थेने आठवड्याला किमान ३६ तास चालायला हवं. उपस्थिती तासांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. आता हिशोब मांडून बघा. १६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस होतात. त्यातले जेमतेम नऊ दिवस चुकलेले चालतात, आजारपणही त्यातच. शाळा तुमच्या मीटिंगच्या वेळा सांभाळत नाही.

‘हजेरीशिवाय बी.एड.’ म्हणजे काय ते स्पष्ट लिहितो. नियमित अभ्यासक्रमाला नाव घालायचं, जायचं नाही, आणि हजेरीपट दुसऱ्या कुणीतरी भरायचा. पदवीवर ‘नियमित’ लिहिलेलं असतं आणि त्याच दोन वर्षांत तुमच्या नावावर दर महिन्याला भविष्यनिर्वाह निधी जमा झालेला असतो, तोही दुसऱ्या शहरातल्या कंपनीकडून. ही नोंद मिटत नाही. शिवाय असं बी.एड. करणारा पहिल्यांदा वर्गावर उभा राहतो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी, पन्नास मुलांसमोर, एकही पाठ कुणी न तपासता. मुलांचं नुकसान होतं ते इथे.

कॉलेज निवडताना फक्त ‘एनसीटीई-मान्य’ हा शिक्का बघू नका. मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट प्रवेशक्षमतेला असते, बी.एड.चं एक युनिट ५० विद्यार्थ्यांचं. मान्यतेच्या आदेशात अभ्यासक्रमाचं नाव, युनिटं आणि पत्ता वाचा. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, तिच्याशी ताडून पाहा. मग त्या वर्षाची विद्यापीठ संलग्नता वेगळी तपासा. मान्यता आहे पण त्या वर्षाची संलग्नता रखडली आहे, असं झालं की परीक्षेचे अर्ज अडकतात.

वर्गमूळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी पदवी, पात्रता आणि वय याबद्दल लिहिते.

इंजिनिअरला बी.एड.ला प्रवेश नाही हे खरं नाही. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांना पदवी किंवा पदव्युत्तरला ५० टक्के लागतात, तर विज्ञान आणि गणिताचं विशेषीकरण असलेल्या अभियांत्रिकी पदवीला ५५ टक्के. राखीव प्रवर्गांना राज्याच्या नियमाप्रमाणे सवलत आहे. तुमची गुणपत्रिका सीजीपीएमध्ये असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचं पत्र आत्ताच मागवा. स्वतः दहाने गुणून काढलेला आकडा प्रवेशाच्या वेळी ग्राह्य धरत नाहीत.

पण प्रवेश मिळणं आणि पदाला पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्षेत्र बदलणाऱ्यांची सगळ्यात महाग चूक इथेच होते. बी.एड. हातात येतं आणि मग जाहिरातीत ‘पदवीला संबंधित विषय’ ही अट दिसते. उदाहरणार्थ, केंद्रीय विद्यालयांच्या टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) गणित पदासाठी पदवीला गणित आणि सोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी दोन विषय असा साचा मागितला जातो. बी.एस्सी.ची पदवी त्यात सहज बसते, इंजिनिअरिंगची बसत नाही. संगणक विषयाच्या पीजीटी (अकरावी-बारावीचे पदव्युत्तर शिक्षक) पदाला मात्र कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटीची इंजिनिअरिंग पदवी चालते. म्हणून बी.एड.चा अर्ज भरण्याआधी तुम्हाला हव्या त्या पदाच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढा, पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा आणि आपली पदवी त्याच्या शेजारी ठेवा. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, सीबीएसई, सगळ्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या बघा.

इथे एक काम असं आहे जे नोकरी न सोडता करता येतं. गणितात पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल आणि तुमच्या पदवीवर प्रवेश मिळत असेल, तर ती मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने नोकरीतच उरकता येते. अकरावी-बारावीला शिकवायला संबंधित विषयाची पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि बी.एड. असं दोन्ही लागतं. म्हणजे एम.एस्सी. गणित झालं तर कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ताही उघडतो. क्रम उलटा करू नका : जे घरी बसून होतं ते आधी, जे हजर राहून करावं लागतं ते नंतर. मात्र तुमच्या बाबतीत वय मध्ये येतं, म्हणून एम.एस्सी.साठी थांबायचं की नाही हे पुढचं वाचून ठरवा.

बी.एड.च्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. भरतीला आहे. राज्यातल्या शिक्षकभरतीत खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. केंद्रीय विद्यालयांत टीजीटीला ३५, पीजीटीला ४०. खाजगी विनाअनुदानित आणि सीबीएसई शाळांमध्ये व्यवस्थापन ठरवेल तसं.

आता तुमचं ३४ धरा. या वर्षी बी.एड.ची प्रवेशपरीक्षा (सीईटी), प्रवेश, दोन वर्षं, निकाल : म्हणजे हातात पदवी येईपर्यंत ३७. राज्याची भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होते आणि त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट... लिहिताना शिक्षक पात्रता परीक्षेशी (टीईटीशी) गोंधळ नको म्हणून आपण तिला ‘टीएआयटी’ म्हणू, ती द्यावी लागते. २०० प्रश्न, १२० मिनिटं. अभियोग्यता १२० गुण, बुद्धिमत्ता ८०. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. दर वर्षी होते असं गृहीत धरून चालणार नाही. म्हणजे ३८ पूर्ण होण्याआधी तुम्हाला फार तर एखादीच संधी मिळेल, कदाचित तीही नाही. अनुदानित शाळा हेच एकमेव ध्येय असेल तर हा धोका डोळे उघडे ठेवून घ्या. आणि निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३पासून ते माध्यमिकला महिना १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. सॉफ्टवेअरच्या पगाराची सवय असलेल्या घराने गृहकर्जाचा हप्ता या आकड्याशेजारी लिहून बघितलाच पाहिजे. शिक्षण चालू असतानाची दोन वर्षं आणि त्यानंतरची तीन, अशी पाच वर्षं मोजायची, फक्त दोन नाही.

पात्रता परीक्षेबद्दल थोडक्यात. पहिली ते आठवीला शिकवायला शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन : १५० प्रश्न, १५० मिनिटं, बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, गणित-विज्ञान ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. केंद्राच्या पात्रता परीक्षेला, म्हणजे सीटीईटीला, बी.एड. चालू असतानाच बसता येतं, त्यात मराठी ही भाषा निवडता येते, आणि प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे. तुम्हाला आठवीही हवी आहे, तेव्हा ही परीक्षा टाळता येणार नाही. बहुतेक हायस्कूलमध्ये एकच शिक्षक आठवी ते दहावी हाताळतो. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत उरकून टाका.

आणखी एक. बी.एड.वर पहिली ते पाचवीला नेमणूक होत नाही. २०१८च्या अधिसूचनेने ती वाट उघडली होती, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३च्या निकालात ती बंद केली. प्राथमिकसाठी डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) लागतं. जुने लेख वाचून कुणी फसू नये म्हणून लिहिलं.

मुक्ता_३४

दोघांचेही आभार. पदांच्या जाहिराती वाचायचं डोक्यातच नव्हतं. दोन उपप्रश्न. एक, बी.ई. चार वर्षांची पदवी आहे, तर एक वर्षाचं बी.एड. येतंय म्हणतात, त्यासाठी थांबावं का? दोन, पूर्णवेळ नोकरी सोडली आणि पहिल्या वर्षी संध्याकाळी चार तास घरून काम घेतलं तर झेपतं का?

तासिका_सहावी

एक वर्षाचं बी.एड. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये नमूद आहे : चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी. एनसीटीईने त्याबद्दलचा नियमावलीचा मसुदा फेब्रुवारी २०२५मध्ये प्रसिद्ध केला. पण तुमच्याकडे वयाची जी दोन-चार वर्षं उरली आहेत ती मसुद्यावर लावू नका. अंतिम नियम, मग संस्थांना मान्यता, मग विद्यापीठांचा अभ्यासक्रम, मग सीईटीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख, या चारही पायऱ्या झालेल्या दिसल्या तरच विचार करा. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जे छापलंय तेवढंच खरं धरायचं.

संध्याकाळच्या कामाबद्दल ‘सरावपाठ’ बाई जास्त नेमकं सांगतील. त्या अध्यापक महाविद्यालयात आहेत.

सरावपाठ

पहिल्या वर्षी दोन तासांपर्यंतचं, स्वतःच्या वेळेत करता येईल असं काम झेपतं. चार तास रोजचे नाहीत. का ते समजायला दिवस कसा जातो ते बघा.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. एक कौशल्य घ्यायचं, ते सहा मिनिटांत पाच-दहा सहाध्यायींसमोर शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं अध्यापन, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. सज्जता प्रवर्तन (पाठाची सुरुवात करून देणं), प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), प्रबलन (उत्तर देणाऱ्याला प्रोत्साहन), फलकलेखन अशी कौशल्यं एकेक करून होतात. नंतर ती एकत्र जोडणारे सेतुपाठ, आणि मग शाळेत सरावपाठ.

दुसऱ्या क्षेत्रातून आलेले लोक इथे विषयाच्या अज्ञानाने अडत नाहीत. ते बोलण्याने अडतात. सादरीकरणाची सवय असते, त्यामुळे सहा मिनिटांत तीन संकल्पना सांगून मोकळे होतात. प्रश्न विचारतात आणि वर्गाने तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यासमोर उभं राहून गप्प बसायला ते फार मोठे असतात. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन अंक मोजायचा सराव पहिल्या महिन्यापासून करा.

दुसरी अडचण टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनाची. सुरुवातीला एका पाठाच्या टाचणाला अडीच-तीन तास जातात, आणि ते मार्गदर्शकांकडून तपासून सही घेतल्याशिवाय पाठ घेता येत नाही. टाचण परत येतं ते बहुधा उद्दिष्टांच्या रकान्यामुळे. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजेल’ हे उद्दिष्ट म्हणून चालत नाही, कारण समजलं की नाही हे तुम्ही बघणार कसं? ‘विद्यार्थी भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांना समान छेदाचं रूप देतो’, ‘आलेलं उत्तर मूळ अपूर्णांकांशी ताडून त्याचा अंदाज तपासतो’, असं लिहिलं की पाठाच्या शेवटी नेमकं काय तपासायचं हेही ठरून जातं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेला अशी दोन उद्दिष्टं पुरतात. चार लिहिलीत तर मूल्यमापनाला वेळ उरत नाही, घंटा होते आणि पाठ अर्धवट सुटतो.

याच घटकाचा एक प्रसंग घ्या. मूल फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहितं. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. नवा शिक्षक ते खोडतो आणि लसाविची रीत पुन्हा सांगतो. मूल रीत उतरवून घेतं आणि परीक्षेत परत २/५ लिहितं. त्याऐवजी ३० सेंटिमीटरची कागदी पट्टी हातात द्या. अर्धी म्हणजे १५ सेंटिमीटर, तिसरा भाग १० सेंटिमीटर, दोन्ही एकापुढे एक ठेवून २५. आता २/५ पट्टी मोजायला सांगा : १२ सेंटिमीटर. पंधरात काहीतरी मिळवलं आणि बारा आले, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि आपली रीत का मोडते हा प्रश्न त्याचा स्वतःचा होतो. मग २५/३० म्हणजे ५/६ इथवर यायला फार बोलावं लागत नाही. पट्टी ३०चीच का, तर तिला २, ३ आणि ५ या तिन्हींनी भाग जातो. साधन निवडताना एवढा विचार टाचणात दिसला की मार्गदर्शक सही करतात. असा एक पाठ रात्री नऊनंतर, दुसऱ्या कामाने दमलेल्या डोक्याने तयार होत नाही. चार तासांच्या कामाला ‘नाही’ म्हणायचं कारण हे.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेत दुसरं कोणतंही काम घेऊ नका. शाळेत पूर्ण दिवस जातो. दोन्ही अध्यापन पद्धतींचे (म्हणजे शिकवायला निवडलेल्या दोन शालेय विषयांचे) पाठ, सहाध्यायींच्या पाठांची निरीक्षणं, घटक चाचणी (संविधान तक्ता म्हणजे प्रश्नांचा व गुणांचा आराखडा, प्रश्नपत्रिका, उत्तरसूची, तपासणी, विश्लेषण), शालेय अभिलेखांचा अभ्यास, कृतिसंशोधन, बदली तासिका, परिपाठ. सोळा आठवडे खूप वाटतात, पण त्यात शाळेची सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन येतं. डिसेंबर-जानेवारीत शाळा पाठांसाठी वर्ग द्यायला कचरतात, कारण दहावीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांतच पाठ जास्तीत जास्त उरकायचे. पाठाच्या निरीक्षणवहीवर शाळेतल्या विषयशिक्षकाची सही त्याच दिवशी घ्यायची. महिनाअखेरीस सह्या गोळा करायला निघालात की शिक्षक रजेवर असतात, आणि तारखा जुळत नसलेली वही विद्यापीठाच्या परीक्षकांपुढे अडचणीची ठरते.

कृतिसंशोधनाला नोकरीवाले नेहमी मोठा विषय घेतात. ‘विद्यार्थ्यांमध्ये गणिताची गोडी निर्माण करणे’ हा विषय तीन-चार आठवड्यांत होत नाही, कारण गोडी मोजणार कशाने? ‘सातवी ब मधील विद्यार्थ्यांच्या ऋण संख्यांच्या वजाबाकीतल्या चुका कमी करणे’ असा घ्या. नैदानिक चाचणी, चुकांचे प्रकार, उपचारात्मक तासिका, उत्तर चाचणी. एका वर्गात, एका घटकावर, वेळेत संपतो.

तुमच्या जुन्या कामाचा उपयोगही आहे. आयसीटीचं (माहिती-तंत्रज्ञानाचं) प्रात्यक्षिक, चाचणीच्या गुणांचं विश्लेषण, वेळापत्रक पाळणं यात तुम्ही पुढे असाल. आणि गणिताच्या पाठात मुलांनी ‘हे कुठे वापरतात’ विचारलं तर तुमच्याकडे खरी उत्तरं असतील. ती दोन मिनिटांत आटपायला शिका म्हणजे झालं.

वर्गमूळ

सरावपाठ बाईंच्या मुद्द्याला एक जोड : दुसरी अध्यापन पद्धती विज्ञान घ्या. माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान मिळून पद निघतं तेव्हा दोन्ही पद्धती असलेला उमेदवार उपयोगी पडतो. पद्धती प्रवेशानंतर कॉलेजात ठरतात आणि पदवीतल्या विषयांवर अवलंबून असतात, तेव्हा प्रवेश पक्का करण्याआधी प्राचार्यांना भेटून विचारा की इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीवर विद्यापीठ या दोन पद्धती देतं का. उत्तर लेखी मिळालं तर फार चांगलं.

अर्जखिडकी

प्रवेशप्रक्रिया आणि राजीनामा यांचा मेळ कसा घालायचा तेवढं लिहितो, कारण नोकरदारांचं वर्ष वाया जातं ते इथे.

राज्य सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी संगणकावर होते : १०० प्रश्न, ९० मिनिटं, बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर इंग्रजीची ईएलसीटी ही चाचणी वेगळी : ५० प्रश्न, ६० मिनिटं. तुम्हाला सेमी-इंग्रजी शाळा चालणार असल्याने तीही देऊन ठेवा. गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशासाठी नाव नोंदलं गेलं, असं समजणारे दर वर्षी भेटतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी असते, कागदपत्रं वेगळी अपलोड होतात आणि कॉलेजांचे विकल्प त्यानंतर भरायचे असतात. विकल्प भरताना कॉलेजचं नाव किती मोठं याआधी रोज जाण्यायेण्याला किती वेळ लागतो ते बघा, कारण आंतरवासितेच्या शाळाही साधारण कॉलेजच्या परिसरातल्याच असतात.

शिक्षणात दहा-बारा वर्षं खंड असणाऱ्यांनी आत्ताच जमवायची कागदपत्रं : शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला (अनेकांचा हरवलेला असतो, दुय्यम प्रत मिळायला वेळ लागतो), पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. इथे वाचणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मंडळींनी जात वैधता आणि प्रवेशवर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेयर आधीच काढावं. ऐन फेरीत पावती दाखवून भागवायला जाऊ नका.

आता राजीनामा. कॅपमध्ये जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस असतात. कंपनीचा नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. जागा मिळाल्यावर राजीनामा दिला तर पहिले दोन-तीन महिने कामावर, म्हणजे सूक्ष्म अध्यापन बुडालं आणि २०० दिवसांतले चाळीस-पन्नास गेले. ८० टक्क्यांच्या हिशोबात तेवढी सूट अख्ख्या वर्षाची असते. उलट निकालाआधीच राजीनामा दिला तर हवं ते कॉलेज न मिळण्याची जोखीम. मधला मार्ग असा : नियुक्तीपत्र काढून नोटीसचं कलम वाचा. पैसे भरून मुदत कमी करता येते का आणि उरलेली रजा नोटीसमध्ये धरतात का, हे मनुष्यबळ विभागाकडून मेलवर विचारून घ्या. सीईटीचा निकाल लागला, गुण मागच्या वर्षीच्या तुमच्या प्रवर्गाच्या कट-ऑफपेक्षा आरामात वर आहेत, तर कॅपची नोंदणी सुरू होताच राजीनामा द्या आणि शेवटची तारीख पहिल्या फेरीच्या आसपास आणा. गुण काठावर असतील तर पहिल्या फेरीची यादी बघून द्या, पण मुदत कमी करण्याची लेखी परवानगी हातात असू द्या.

रिलीव्हिंग लेटरवरची तारीख कॉलेजच्या पहिल्या हजेरीच्या आधीची हवी. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीतही नोकरी सोडल्याची तीच तारीख कंपनीने भरली आहे का, ते दोन महिन्यांनी पोर्टलवर जाऊन तपासा. ती रिकामी राहिली असेल तर तेव्हाच भरून घ्या. पुढे भरतीच्या पडताळणीत कुणी विचारलं तर दोन्ही कागद एकच तारीख दाखवतील.

मुक्ता_३४

नोटीस नव्वद दिवसांचा आहे, मुदत कमी करण्याचं कलमही आहे. आज मेल टाकते. सीजीपीएचं रूपांतरपत्र आणि सोडल्याचा दाखला या आठवड्यात मागवते, आणि टीजीटीच्या वाटेला न जाता राज्याच्या आणि खाजगी शाळांच्या जाहिराती वाचायला घेते. एम.एस्सी.साठी थांबत नाही, बी.एड. आधी.